पिवळ्या खुणेचे बोल्ट

सुरुवातीलाच क्षमा मागते. जिने सारी नोकरी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात घालवली आणि इतरांच्या उत्तरपत्रिकांतली वाक्ये तांबड्या शाईने दुरुस्त केली, तिने साठीच्या उंबरठ्यावर स्वतःची वाक्ये लोकांपुढे ठेवावीत हे धाडसच आहे. आणि विषय तरी कोणता, तर मोटारीचा सायलेन्सर. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये गाड्यांतले जाणणारे लोक घरोघरी आहेत. त्यांच्यापैकी कोणाला हे वाचून हसू आले तर त्यांनी संकोच करू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की हे काम मी माझ्या हातांनी केले, आणि ते करताना एक गोष्ट अशी घडली की ती अजून मनातून जात नाही.

आमच्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी लागून की उतरताना गुडघ्यांची विनवणी करावी लागते. माझ्या यजमानांनी ती त्यांच्या कारखान्यातल्या एका परदेशी इंजिनियरकडून घेतली, तो मायदेशी परत जात होता तेव्हा. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी त्या सुमारास ताथवड्याला फ्लॅट घेतले. यांनी ही घेतली. यजमान आधी पिंपरीत आणि मग चाकणला, गाड्यांच्या कारखान्यात अंतिम तपासणीच्या कामावर होते. रहाटणीच्या आमच्या सोसायटीत पहाटे कंपनीची बस यायची आणि ते डबा घेऊन निघायचे. रविवारचा दिवस मात्र गाडीचा असे. खाली पार्किंगमध्ये ते तिच्याशी काय बोलत असत ते मी कधी विचारले नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा, हे मी न सांगता सुरू केले आणि त्यांनीही न बोलता मान्य केले. हळूहळू त्यांनी पार्किंगमध्ये जाणे सोडले. मग गॅलरीत उभे राहणे सोडले. दरम्यान गाडीचा सायलेन्सर आतून कुजला. त्यावर कोणीतरी पत्रा मारून दिला होता, तोही फाटला. गाडी सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरची तान्ही मुले जागी होत. त्यातच नोंदणीची मुदत संपत आली. मुदत वाढवून घ्यायची तर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते, आणि त्या आवाजात ती पास होणे शक्य नव्हते.

दोन-तीन गॅरेजवाल्यांना विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले, "गाडी सोडून जा, बघून ठेवतो." हे ऐकून यजमान म्हणाले, "सोडून जा म्हणजे? माझ्या गाडीला कोण हात लावतोय ते मला दिसल्याशिवाय मी सोडणार नाही. त्यापेक्षा भंगारात गेलेली बरी." आणि त्यांनी खरोखरच कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याला फोन केला. तपासणीची तारीख गेली की तपासणीत न बसलेली गाडी उचलून न्यायची, असे त्याच्याशी ठरले.

मला गाडीचे विशेष वाटत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते. पण ती गेली तर हा माणूस पुन्हा लिफ्टचे बटण दाबणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होते. त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, "मी करते."

"काय करतेस?"

"सायलेन्सर बदलते. तुम्ही सांगा, मी करते."

"तू?" त्यांनी घास खाली ठेवला. "अगं, पाना कुठल्या बाजूने धरतात ते माहीत आहे का तुला?"

"ओरडाल तुम्ही चुकले की. इतकी वर्षं ओरडताय, आताही जमेल."

ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी माझ्याआधी उभे होते, काखेत प्लास्टिकचे स्टूल धरून.

मला भीती वाटत होती ती गाडीखाली जाण्याची. यजमानांनी आधी मला जॅक लावायला शिकवले आणि लगेच सांगितले की जॅक फक्त उचलण्यासाठी, भरवसा ठेवायचा तो लोखंडी स्टँडवर. गाडी स्टँडवर टेकली की मी तिला दोन्ही हातांनी हलवून बघायचे, आणि ते म्हणाल्याशिवाय आत सरकायचे नाही. मी जुना पंजाबी ड्रेस घातला, केस रुमालात बांधले, पुठ्ठा अंथरला आणि आत सरकले. वर पाहिले तर इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत नळ्यांची एक लांबलचक रांग होती, आणि ती सगळी तपकिरी. वर्गात मी अशा आकृत्या फळ्यावर काढल्या होत्या. फळ्यावर गंज चढत नाही.

नटबोल्ट निघता निघेनात. गंज सोडवणारे तेल रोज फवारायचे, रोज पाना लावायचा, रोज काही होत नसे. एकदा सगळा जोर लावला तर बोल्टचे डोकेच तुटून माझ्या कपाळावर पडले. मी खालूनच म्हणाले, "अहो, तुटला."

"काय तुटलं?"

"बोल्ट."

"मग ठीक आहे. मला वाटलं, तू."

त्या तुटलेल्या बोल्टने मला आणखी कित्येक दुपारी जमिनीवर ठेवले. ड्रिलने तो थोडाथोडा पोखरायचा होता. ड्रिल वाकडे गेले तर जवळचा भाग कायमचा निकामी. माझे हात भरून येत, डोळ्यांत लोखंडाचा बारीक चुरा जाऊ नये म्हणून लावलेल्या चष्म्यावर घाम साचे. मी थांबायचे, बाहेर यायचे, पाणी प्यायचे आणि परत जायचे. सोडून द्यावे असे मनात आले नाही असे नाही. पण सोडून देऊन वर गेल्यावर त्या घरात काय असेल, ते मला या गाडीखालच्या अंधारापेक्षा जास्त नकोसे होते.

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी तिथून चालले होते. ते मूळ रहाटणी गावातले. या इमारतीखालची जमीन एके काळी त्यांच्याच घराची होती. गाडीखालून निघालेले पाय पाहून ते थांबले.

"सर, ह्या वयात कशाला खाली झोपताय राव? आवाजाची तक्रार आलीय म्हणून का?"

"मी इकडे आहे," यजमान खांबाआडच्या स्टुलावरून म्हणाले.

"मग खाली कोन हाय?"

"मी आहे," मी म्हणाले.

"काकू? तुमी?" ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. "आवो, आमच्या घरात मिक्सर बिघडला तरी बायको मला हाक मारती. तिला हे दाखवू नका, न्हाई तर माझी किंमत जाईल."

"आवाज कमी होईल आता," मी म्हणाले.

"होऊ द्या सावकाश. कुनी काय बोललं तर माझं नाव सांगा." जाताना ते वळून यजमानांना म्हणाले, "सर, नशीबवान हाय तुमी." त्या दिवशी यजमानांनी मला तीनदा पाणी आणून दिले, आणि तिन्ही वेळा ग्लास लिफ्टमध्ये अर्धा सांडलेला होता.

अखेर जुने सगळे निघाले. ते जमिनीवर पडलेले पाहताना मला वाटले की एवढे कुजूनही हे इतके दिवस लटकून होते, म्हणजे हट्ट केवढा. यजमानांनी ठरवले की जुन्यासारखेच पुन्हा बसवायचे नाही. मधली नळी आणि मागचा सायलेन्सर दोन्ही स्टेनलेस स्टीलचे करायचे, नळीचा व्यास थोडा मोठा, म्हणजे इंजिनाला श्वास मोकळा मिळेल, पण आवाज दबलेला राहील. धूर स्वच्छ करणारा मधला डबा होता तोच ठेवायचा, कारण प्रदूषणाच्या चाचणीत त्याचीच गरज. चिंचवडला माप घेऊन सायलेन्सर बनवून देणारा एक दुकानदार आहे. मी जुनी नळी रिक्षात आडवी घालून त्याच्याकडे नेली.

"मॅडम, पोराच्या गाडीला का?" मराठवाड्याच्या सुरात त्याने विचारले. "आवाज किती काढायचा? गल्ली हादरली पाहिजे का नुसती कुत्री उठली पाहिजेत?"

"आवाज काढायचा नाही. बसवायचा आहे."

"असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय." त्याने मापे घेतली, आणि माल तयार झाल्यावर देताना सहज म्हणाला, "एकदा गाडी चांगली तापू द्या, गार झाली की बोल्ट परत एकदा आवळा. नवीन गॅस्केट असतं, दबतं ते."

मी मान हलवली. यात मला नवे काहीच नव्हते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, गार झाल्यावर आकुंचन पावतो, मधली मऊ चकती दबून पातळ होते आणि बोल्टची पकड सैल पडते. हे मी वर्षानुवर्षे शिकवले होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, तिथे येते.

यजमानांच्या कारखान्यात एक रीत होती. बोल्ट आवळणारा माणूस वेगळा आणि तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याची खात्री झाली की तो बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या मार्करने एक रेघ ओढतो. त्या रेघेचा अर्थ: हा बोल्ट झाला. त्यानंतर त्या बोल्टला कोणीही पाना लावायचा नाही; लावला तर तपासणाऱ्याचा अपमान, आणि रीतसर चौकशी. यजमानांनी उभी हयात ती रेघ ओढली. चाकणहून बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्यांच्या पोटाखाली त्यांची रेघ असेल.

नवी नळी बसवून मी एकेक बोल्ट आवळला. यजमानांनी मला पान्याचा दांडा कुठे धरायचा, कोणत्या क्रमाने जायचे, कुठे थांबायचे ते सांगितले. मग त्यांनी खिशातून पिवळा मार्कर काढला. गाडी स्टँडवर उचललेली होती तरी त्यांना खाली वाकून, आडवे होऊन आत यावे लागले. मी त्यांच्या कोपराला आधार देऊ लागले तर त्यांनी हात झटकला. प्रत्येक बोल्टवर त्यांनी रेघ ओढली. त्या रेघा सरळ आल्या नाहीत; नदीच्या नकाशासारख्या वळणे घेत गेल्या. शेवटची ओढून झाल्यावर ते तसेच पडून राहिले आणि म्हणाले, "झालं. पास."

गाडी सुरू केली तेव्हा आवाज इतका खोल, इतका समंजस आला की वरच्या गॅलरीतून कोणीतरी वाकून पाहिले, कारण तक्रार करायला काही उरले नव्हते. यजमानांनी गाडीच्या टपावर तळहात ठेवला. कंप गाडीचा की हाताचा, ते मला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी, गाडी गार असताना, मी म्हणाले, "दुकानदार म्हणत होता, तापून गार झाल्यावर एकदा परत आवळायचे."

"मार्क झालेत ते."

"हो, पण गॅस्केट..."

"मार्क झालेल्या बोल्टला हात लावायचा नाही. एवढं साधं आहे."

मी पाना पेटीत ठेवून दिला. बाहेरच्यांशी वाद घालताना मला शब्द सापडत नाहीत, आणि घरात सापडले तरी मी ते वापरत नाही. ते बरोबर असतील, असेही मी स्वतःला सांगितले. या बाबतीत ते नेहमीच बरोबर असत.

तपासणी उद्यावर आली तेव्हा आम्ही गाडी एक फेरी मारून आणायचे ठरवले. गाडी मी चालवत होते, ते शेजारी. मोशी ओलांडून चाकणच्या दिशेने निघालो. काही अंतर सुरेख गेले. मग कांद्याच्या ट्रकांची रांग लागली, पुढे कंपनीच्या बसेस, आणि आम्ही रांगत जाऊ लागलो. तेवढ्यात मला खालून आवाज ऐकू आला: फट्, फट्, आणि ॲक्सिलरेटर दाबला की जास्त.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते समोर पाहत होते.

"तो टेम्पो आहे," ते म्हणाले.

टेम्पो डावीकडे वळून गेला. आवाज आमच्याबरोबरच राहिला.

"वळव," ते म्हणाले. पार्किंगमध्ये उतरताना ते म्हणाले, "त्या भंगारवाल्याला सांगतो, उद्याच ये. माझ्या मार्कचा बोल्ट सैल निघाला. आता काय तपासायचं राहिलं?" आणि लिफ्टचे दार बंद झाले.

मी तिथे उभी राहिले. मला रडू येईल असे वाटले होते, पण आले नाही. आला तो राग, आणि तो कोणाचा ते मला अजून नीट सांगता येणार नाही. गाडी गार होण्याची वाट पाहिली. मग जॅक लावला, स्टँड लावले, गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ते म्हणाल्याशिवाय आत जायचे नाही हा नियम होता. तो मोडून मी आत सरकले. जोडावर काजळीचा एक काळा फराटा उमटला होता. धुराची गळती तिथेच होती, आणि बोल्टवर त्यांची वळणे घेत गेलेली पिवळी रेघ होती.

पाना लावायचा तर रेघ मोडणार होती. अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर, दोन तुकडे एकमेकांसमोरून सरकलेले. मोडलेली रेघ त्यांना दिसणे मला ती पुसण्यापेक्षा वाईट वाटले. मी चिंधी थिनरमध्ये बुडवली आणि पुसायला लागले.

"काय करतेस?"

ते कधी खाली आले ते मला कळले नव्हते. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"रेघ पुसते आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"अगं, कारखान्यात लाइनवर असं करत नाहीत. तिकडे कोणी असं केलं असतं तर..."

"लाइनवर गाडी पुढे जाते, अहो." मी हे जमिनीवर पडूनच बोलले, कदाचित म्हणूनच बोलू शकले. "तुम्ही रेघ ओढता आणि गाडी पुढे जाते. तापते, गार होते, ते तुम्हाला कधी दिसतच नाही. ही कुठे जाणार आहे? ही इथेच राहणार आहे. हिला परत परत आवळावे लागेल."

चपला हलल्या नाहीत. मी पुसत राहिले. पहिला बोल्ट मोकळा झाला, पाना लावला, आणि तो सहज पुढे फिरला. त्या फिरण्याचा आवाज त्यांनीही ऐकला असणार.

मग स्टूल ओढल्याचा आवाज आला. "आधी समोरासमोरचे दोन घे," ते म्हणाले. "एका बाजूने आवळत गेलीस तर जोड तिरका बसेल." मग पान्याचा आवाज ऐकून, "आणि दांड्याच्या टोकाला धर. किती वेळा सांगायचं?"

मी सगळे बोल्ट आवळले. गाडी सुरू करून तापू दिली, बंद केली, गार होऊ दिली, आणि पुन्हा प्रत्येकावर पाना ठेवला. दुसऱ्या खेपेला काही थोडेसे फिरले. तिसऱ्या खेपेला एकही नाही. मी हात बाहेर काढून म्हणाले, "आता मार्क करा."

"तूच कर," ते म्हणाले, आणि मार्कर माझ्या तळहातावर ठेवला.

सकाळी परिवहन कार्यालयाच्या मैदानावर तपासणी अधिकाऱ्याने बॉनेट उघडले, चासीचा नंबर ताडून पाहिला, आणि मागे जाऊन ॲक्सिलरेटर दाबायला सांगितला. मी दाबला. त्याने कान दिला, मग वाकून खाली पाहिले.

"नवीन काम दिसतंय. कुठल्या गॅरेजला केलं?"

"घरी," यजमान म्हणाले.

"तुम्ही केलंत?"

"हिने." ते एवढेच म्हणाले, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू लागले. प्रदूषणाचा दाखला जोडलेलाच होता. गाडी पास झाली. परत येताना त्यांनी भंगारवाल्याला फोन करून सांगितले की येऊ नकोस, आणि नंतर येऊ का असे त्याने विचारल्यावर फोन ठेवून दिला.

गाडी आहे. रविवारी ते खाली येतात, स्टुलावर बसतात, आणि मी खालून एकेका बोल्टचे सांगते. गेल्या महिन्यापासून ब्रेकचे काम काढले आहे. त्यातही ते माझ्यावर मनसोक्त ओरडतात. जे जाऊ नये म्हणून मी एवढी धडपडले, ते गेले नाही. मात्र पिवळा मार्कर त्यांनी त्या दिवसापासून हातात घेतलेला नाही. मी दोनदा पुढे केला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "तू आवळलंस ना? मग तूच कर." आवाजात राग नव्हता, राग असता तर मला सोपे गेले असते. आता सरळ रेघा मी ओढते, आणि त्या ओढताना आवळणारी आणि तपासणारी एकच असू नये, हे त्यांचेच म्हणणे मला आठवते.

गळती काढायची तर बोल्टला हात लावावाच लागणार होता, याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती वेगळीच. वर जाऊन, दार वाजवून, त्यांना खाली बोलावून त्यांच्याच हाताने ती रेघ पुसून घेता आली असती. कदाचित ते आले नसते, आणि वेळ निघून गेली असती. कदाचित आले असते.

तुम्हाला काय वाटते, मी त्यांना आधी विचारायला हवे होते का?